मापाशिवाय सही नाही

गांगुर्डेबाईंची शोकसभा आमच्या कॉलनीतल्या विहारात झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही एकच शब्द वापरला : सेवा. अपंगांची सेवा, निःस्वार्थ सेवा, आयुष्यभराची सेवा. मी मागे चटईवर बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, आता बाई उठतील, माईक ओढून घेतील आणि म्हणतील, "खोटं आहे. मी पैसे घेत होते."

हे त्या जिवंतपणी एकदा म्हणाल्याही होत्या. एका महिला मंडळानं त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं. मानपत्राचा मजकूर आधी वाचायला दुकानात पाठवला. त्यात 'अपंगांच्या सेवेला वाहून घेतलेली माउली' असं काहीतरी होतं. बाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि आणणाऱ्या ताईंना परत दिला.

"हे दुरुस्त करून आणा. मी दुकानदार आहे."

"अहो बाई, पण भावना..."

"भावना असू द्या. पण सेवा करणाऱ्याची चूक लोक पोटात घालतात. दुकानदाराची घालत नाहीत. मला दुसरंच बरं."

मानपत्र दुरुस्त होऊन आलं नाही. शालही आली नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही आणि मला मात्र इतका आनंद झाला की मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवलं. आज हा मजकूर लिहिते आहे तो त्या वाक्यासाठी. शोकसभेत त्यांना माउली करून टाकलं गेलं. मला ते मान्य नाही.

*

बाईंचं दुकान जेल रोडला, एका पिठाच्या गिरणीला लागून होतं. पाटी साधी : 'गांगुर्डे साधने. माप घेऊन विक्री व दुरुस्ती.' आत व्हीलचेअर, कॅलिपर, कुबड्या, वॉकर, गाद्या, आणि मागच्या अर्ध्या भागात कामाचं टेबल. कॅलिपर म्हणजे पोलिओ झालेल्या पायाला आधार देणारी लोखंडी पट्ट्यांची आणि चामड्याच्या पट्ट्यांची चौकट. बाईंचा हात त्याच कामात तयार झाला होता. तरुणपणी त्या परगावी एका कारखान्यात शिकल्या, रीतसर प्रशिक्षण घेतलं, नोंदणी केली आणि वीसेक वर्षं कॅलिपर बनवून मग नाशिक रोडला येऊन स्वतःचं दुकान टाकलं. साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या. खिशात दोन पेन्सिली. किल्ल्या खोचतात त्या जागी कमरेला मोजायचा टेप. बोलणं शहरी, पण चिडल्या की त्यांच्या तोंडून निफाडकडचं 'नाय' आणि 'लय' बाहेर पडायचं. ओळखीची गिऱ्हाइकं तसा शब्द ऐकला की आवाज खाली आणायची.

भिंतीवर पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं होतं : 'मापाशिवाय खुर्ची मिळणार नाही. घाई असल्यास दुसरे दुकान पाहावे.' त्याखाली, नंतर कधीतरी दुसऱ्या हातानं : 'जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती वस्तू आम्ही ठेवत नाही.'

आणि एक न लिहिलेला नियम होता. जो कोणी दुसऱ्यासाठी खुर्ची घ्यायला यायचा, मुलगा असो, सून असो, पुतण्या असो, त्याला बाई आधी दुकानातल्या खुर्चीत बसवायच्या. एक तास. उठायचं नाही. पाणी हवं तर खुर्ची ढकलत माठापर्यंत जायचं. चहा हवा तर समोरच्या टपरीपर्यंत जायचं, आणि टपरीच्या आधी गटारावरची फरशी होती, तिला चार बोटांची पायरी होती. ती पायरी काय असते ते त्या दिवशी कळायचं. पाऊण तासानं माणूस चुळबुळ करू लागायचा. "बाई, पाठ लागली." "कशामुळे?" "हे मागचं कापड ढिलं आहे." बाई खूश व्हायच्या. "आता तुम्हाला खुर्ची घेता येईल."

लोक वैतागायचे. ऑनलाइन मागवली की दोन दिवसांत दारात येते, इथं बाई परीक्षा घेतात. काही जण उठून जायचे, बाई त्यांना थांबवायच्या नाहीत.

*

आमच्या घरात बाई आल्या त्या बाबांमुळे. बाबा नाशिक रोडच्या एका छोट्या छापखान्यात होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पत्रकं. मोर्चाची पत्रकं, सभेची पत्रकं, संपाची पत्रकं. खराब छापलेले कागद बाबा घरी आणायचे आणि मी त्यांच्या पाठीवर मुळाक्षरं गिरवायची. पुढच्या बाजूला काय आहे ते पुढं वाचता येऊ लागलं. 'बंधू-भगिनींनो, उठा' हे वाक्य मी माझं स्वतःचं पूर्ण नाव लिहायच्या आधी वाचलं असेन. जयंतीच्या पताका बांधताना बाबा शिडीवरून पाठीवर पडले आणि त्यांचे पाय गेले.

त्यांना पहिली खुर्ची एका कार्यक्रमात मिळाली. हार, फोटो, टाळ्या. बाबा सडपातळ होते, खुर्ची एखाद्या धिप्पाड माणसाची होती. ते तिच्यात एका बाजूला कलून बसायचे आणि आई उशा कोंबायची. आम्ही कोणी तक्रार केली नाही. घरभर बंडाची पत्रकं, आणि फुकट मिळालेल्या खुर्चीबद्दल एक शब्द नाही. याची मला आजही लाज वाटते.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही बाईंकडे गेलो. बाईंनी विचारलं, "घरात सर्वांत अडचणीची जागा कोणती?"

आई म्हणाली, "ह्यांना ना, न्हाणीघराचं दार..."

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापर्यंत सात-आठ महिने बाबांना कोणी थेट काही विचारलं नव्हतं. डॉक्टर आईला विचारायचे, पाहुणे मला विचारायचे. बाबांनी घसा साफ केला आणि न्हाणीघराच्या दारापासून ते छापखान्याच्या मालकापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई लिहून घेत होत्या. मग त्यांनी ती फुकटची खुर्ची आडवी पाडली आणि खालून बघितली.

"देणाऱ्याचं नाव पाठीवर एवढं मोठं आहे. करणाऱ्याचं कुठंच नाय."

मी लक्षात ठेवलं, 'नाय' म्हणाल्या.

बाबांची नवी खुर्ची तीन आठवड्यांनी तयार झाली. तिच्या बैठकीखाली एक चिकटपट्टी होती : बाईंचं नाव, नोंदणी क्रमांक, मोबाइल, आणि खाली 'तक्रार येथे करावी.' त्यांच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक वस्तूखाली ती असायची. बाबांनी गमतीनं विचारलं, "बाई, हे कशाला? आम्ही काय तुम्हाला विसरणार आहोत?"

"आठवण काढायला नाही. शिव्या द्यायला. ज्याला खुर्चीखाली आपलं नाव चिकटवायची हिंमत नाही त्यानं खुर्ची विकू नये."

*

ही चिकटपट्टी कुठून आली ते मला पुढं कळलं. तोवर मी दुपारी दुकानात जाऊन बसू लागले होते, आणि बाई मला 'पत्रकवाली' म्हणू लागल्या होत्या.

त्यांच्या खणात एक जाड वही होती. तिच्यात त्यांनी स्वतःच्या चुका लिहिल्या होत्या. कोणाची पट्टी घट्ट झाली, कोणाची कुबडी अर्ध्या इंचानं उंच गेली. पहिल्या पानावर एकच नोंद होती. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, ट्रॅक्टरच्या अपघातात कमरेखाली लुळे पडलेले. बाईंचं दुकान तेव्हा नवं होतं. त्यांनी माप घेतलं, खुर्ची दिली, बसवलं आणि विचारलं, "कुठं लागतंय का?" ते म्हणाले, "नाही, मस्त आहे." बाईंनी पाठवून दिलं.

"कळलं का तुला?" बाईंनी मला विचारलं. मला कळलं नव्हतं.

"मी वीस वर्षं पोलिओच्या पायांना कॅलिपर केले. पोलिओत पायातली ताकद जाते, पण त्याला सगळं कळतं. चिमटा बसला की पोरगं ओरडतं. म्हणून आम्हा कॅलिपरवाल्यांची सवय, बसवलं की विचारायचं, लागतंय का. आणि ह्यांना कमरेखाली काही कळतच नव्हतं. काय लागणार? ज्याला कळत नाही त्यालाच मी विचारलं, आणि त्याच्या शब्दावर सोडून दिलं. बैठकीखालची पट्टी हाडाला टोचत होती. तीन आठवड्यांत जखम हाडापर्यंत गेली. वर्षभर तो माणूस पोटावर झोपून होता."

"ते काय म्हणाले तुम्हाला?"

"माफ केलं त्यांनी. 'बाई, तुम्ही चांगल्या मनानं केलं,' म्हणाले." बाईंनी वही मिटली. "त्यांनी माझ्या दारात येऊन भांडायला पाहिजे होतं. माफ करून मोकळे झाले, आणि मी अडकले."

त्यानंतर संवेदना गेलेल्या माणसाला बाईंनी कधीच नुसतं विचारून सोडलं नाही. दुकानात पडदा होता, घरच्या माणसाला घेऊन आत जायचं, तासभर बसल्यावर कातडी स्वतः बघायची, लाली किती वेळात जाते ते घड्याळ लावून मोजायचं. आणि प्रत्येक वस्तूखाली नाव.

*

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्यांचा स्वीय सहायक दुकानात आला. खादीचा कुडता, दोन फोन.

"बाई, पन्नास व्हीलचेअर पाहिजेत. रविवारपर्यंत."

"कोणाकोणाच्या मापाच्या?"

"मापाच्या म्हणजे? व्हीलचेअर हो. नेहमीच्या."

"साहेबांचे कुडते कोण शिवतं?"

तो हसला. "आहे एक टेलर. देवळाली कॅम्पला."

"माप घेतो?"

"घेणारच की."

"मग असं करा. त्याच्याकडून पन्नास जणांना होईल असा एक कुडता शिवून घ्या. साहेबांना रविवारी घालू द्या. मी खुर्च्या देते."

गिरणीतून दळण घ्यायला आलेल्या बायका दारात थांबून ऐकत होत्या, त्या फिसकन हसल्या. सहायकाचा चेहरा उतरला. खुर्च्या अर्थातच दुसरीकडून आल्या. रविवारी मांडवात पन्नास माणसं एकाच मापाच्या पन्नास खुर्च्यांत बसलेली होती, आणि त्यातल्या तीन खुर्च्या दिवाळीच्या आत चाक निखळून बाईंच्याच दुकानात आल्या. बाईंनी चाकं बसवून दिली आणि मजुरी घेतली. मी म्हटलं, "पैसे कशाला घेतले? ते बिचारे..."

"बिचारे म्हणू नको. गिऱ्हाईक म्हण. पैसे दिले की उद्या येऊन 'चाक नीट बसलं नाय' म्हणता येतं."

*

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळे दुकान गेलं.

बाईंचं नाव सरकारी योजनेच्या मान्य पुरवठादारांच्या यादीत होतं. योजनेतून ज्यांना साधन मंजूर व्हायचं ते चिठ्ठी घेऊन बाईंकडे यायचे. दुकान बव्हंशी त्यावर चालायचं. मग एक मोठा पुरवठादार बाहेरून आला. एका ट्रस्टच्या मदतीनं नाशिकमध्ये शिबिर, एका दिवसात अडीचशे व्हीलचेअर. नियमाप्रमाणे प्रत्येक खुर्चीसोबत स्थानिक नोंदणीकृत तंत्रज्ञाची सही लागत होती. त्यांचे समन्वयक खैरनार कागदांचा गठ्ठा घेऊन शिबिराच्या आठवडाभर आधी दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. मऊ बोलायचा. स्वतःहून पाण्याचा ग्लास धुऊन ठेवायचा.

कागदावर छापलेलं होतं : 'मी सदर लाभार्थ्याचे मोजमाप घेतले असून साधन त्यांच्या मापाप्रमाणे बसवून दिले आहे व वापराचे प्रशिक्षण दिले आहे.' खाली सहीची जागा. लाभार्थ्याच्या नावाची जागा रिकामी.

"माणसं कुठं आहेत?" बाईंनी विचारलं.

"माणसं शनिवारी येतील ना. आपण सह्या आधी करून ठेवू. त्या दिवशी गर्दीत होत नाही."

"मी अडीचशे माणसांची मापं घेतली असं यात लिहिलंय."

"ती भाषा असते बाई. सगळीकडे अशीच असते."

"खुर्च्या किती मापांच्या?"

"अठरा इंच. स्टँडर्ड."

"लहान पोरं असतील तर?"

"वाढतील की."

त्यांनी हे सहज म्हटलं आणि मला वाटतं, तिथंच बिनसलं. बाईंनी गठ्ठा सरळ केला, कडा जुळवल्या आणि त्यांच्याकडे सरकवला.

"खैरनार, मला आठ दिवस द्या. गावोगावची माणसं बोलवा, मी आणि अजून दोघं मापं घेतो. बारा, चौदा, सोळा, अठरा अशा खुर्च्या मागवा. मग मी प्रत्येक कागदावर सही करीन, हात दुखेपर्यंत."

"तारीख ठरलीय. पाहुणे ठरलेत." खैरनार खाली बघत म्हणाले. "बाई, वर्षभराचं दुरुस्तीचं काम तुम्हालाच द्यायचं बोलणं झालंय. आणि सही नाही म्हणालात तर... यादीत नाव राहणं अवघड होईल. मी सांगत नाही, वरून आहे."

"यादी त्यांची आहे. सही माझी हाय."

खैरनार गेल्यावर मी पेटले होते. मी जन्मापासून अशाच क्षणाची वाट बघत असावे. रात्रभर कशाला, तासाभरात मी पत्रक लिहून आणलं. दोन पानं. 'दयेचा बाजार मांडणाऱ्यांनो, सावधान' पासून सुरू होऊन 'हा एल्गार आहे' वर संपलेलं. बाईंनी पेन्सिल हातात घेऊन वाचलं.

"छान लिहितेस गं पत्रकवाली. यात खुर्चीची रुंदी कुठंय?"

"रुंदी?"

"तिकडं डोंगरातल्या पेठहून एक माणूस येणार. फुकटची खुर्ची मिळणार म्हणून पहाटे निघणार. तू त्याच्या हातात हे देणार. तो वाचून काय करील? एल्गार करील? आधी त्याला कळू दे की खुर्ची चुकलीय."

त्यांनी माझी दोन पानं खोडली. उरल्या सहा ओळी. खुर्चीत बसा. मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटं घाला. नुसती बोटं जायला हवीत, मूठ गेली तर खुर्ची मोठी आहे. गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा हवी. पाय पायपट्टीवर टेकायला हवेत, लोंबकळायला नकोत. गादी मागा. यातलं काही चुकलं तर परत जा आणि बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. खाली पुरवठादाराचं नाव-नंबर लिहायला रिकामी जागा.

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं पत्रक आहे आणि त्यातली एकही ओळ माझी नाही. बाबांनी छापखान्यात आपली खुर्ची नेऊन त्याचा मजकूर स्वतः जुळवून दिला.

*

शनिवारी हॉलच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे बाईंनी एक बाकडं टाकलं. वर कडुनिंब. हातात टेप, चिठ्ठ्यांचं पुस्तक आणि कार्बन. शेजारी उभी राहून मी पत्रकं वाटत होते. आत पाहुण्यांची भाषणं चालली होती. अकराच्या सुमारास खुर्च्या बाहेर यायला लागल्या.

पेठकडची एक मुलगी आली, कविता. तेरा-चौदा वर्षांची, किडकिडीत. वडील खुर्ची ढकलत होते. खुर्चीत ती घंगाळात बसल्यासारखी दिसत होती, पाय अधांतरी. बाईंनी तिला विचारून माप घेतलं. बसल्यावर कमरेची रुंदी बारा इंच, खुर्ची अठरा. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले, खाली सही केली.

"ही चिठ्ठी आत दाखवा. म्हणावं, बदलून द्या."

वडील घुटमळले. "देतील का?"

"मागितल्याशिवाय कसे देतील?"

ते गेले. त्यांच्यामागून आणखी काही जण चिठ्ठ्या घेऊन गेले. आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन रांगा फाटकात अडकल्या. तेवढ्यात एक म्हातारी, मुलाला खुर्चीत घेऊन चाललेली, बाईंसमोर थांबली आणि कडाडली.

"तुमचं काय जातंय ओ बाई? इतक्या वर्सांनी मिळालीय. तुमच्या भांडणापायी ती बी काढून घेतील."

मी उत्तर द्यायला पुढं झाले. माझ्याकडे शोषणापासून आत्मसन्मानापर्यंत सगळं तयार होतं. बाईंनी मला हातानं मागं केलं.

"घेऊन जा आजी. काढून नाय घेणार कोणी. फक्त मला माप घेऊ द्या आणि गाव सांगा." चिठ्ठी फाडून त्यांनी म्हातारीच्या हातात दिली, कार्बनखालची प्रत स्वतःकडे ठेवली. "लाल चट्टा दिसला की फोन करा. कोणत्याही वेळी."

म्हातारीनं चिठ्ठी कनवटीला लावली. आभार मानले नाहीत. बाईंनाही ते नको होते.

दुपारी खैरनार रस्ता ओलांडून आले. घामानं शर्ट चिकटला होता.

"बाई, बास करा आता. दुसऱ्यांनी सही केलीय. सगळ्या कागदांवर. झालं ते."

बाईंनी फक्त विचारलं, "नाव काय त्यांचं?"

खैरनारांनी नाव सांगितलं नाही. ती जी सही झाली ती कोणाची, हे खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाला आजवर माहीत नाही. आणि हीच मला या सगळ्यातली सर्वांत मोठी लबाडी वाटते. हार घालणाऱ्याचं नाव फलकावर, देणाऱ्याचं पाठीवर, घेणाऱ्याचं वर्तमानपत्रात फोटोसकट. आणि ज्यानं 'मी मोजलं' म्हणून लिहून दिलं तो माणूस गायब. डोळ्याचा नंबर न तपासता चष्मा दिला तर आपण दुकान डोक्यावर घेतो. अपंग माणसाला मात्र जे मिळालं ते घेऊन हात जोडायचे, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याला आपण संस्कार म्हणतो.

एकही खुर्ची बदलून मिळाली नाही. महिन्याभरात बाईंना पत्र आलं : शिबिरात अडथळा आणल्याबद्दल नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. त्यांनी उत्तर पाठवलं. त्यात माफी नव्हती, अडथळा कशाला म्हणतात असा एक प्रश्न होता आणि सोबत त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. उत्तराला उत्तर आलं नाही. योजनेच्या चिठ्ठीवाली गिऱ्हाइकं बंद झाली, दुकानाचं भाडं परवडेना. पाटी उतरली त्या दिवशी मी रडायच्या बेतात होते आणि बाई पेंटरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "नवा भाडेकरू साड्या विकणार आहे म्हणे. मापाशिवाय खुर्ची नाही हे वाचून गोंधळेल बिचारा."

हत्यारं त्यांनी घरी नेली. वाटलं, आता बसतील. चौथ्या दिवशी त्यांनी कार्बनच्या प्रती जमिनीवर पसरल्या आणि गावांप्रमाणे लावल्या.

"बाई, तुम्ही त्या खुर्च्यांना नाही म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

"सहीला नाही म्हणाले होते. खुर्च्या गेल्याच की. माणसं त्यांच्यात बसलीत."

*

मी त्यांना शेवटचं काम करताना पाहिलं ते पेठच्या पुढं, कविताच्या अंगणात. एसटीनं गेलो होतो. हत्यारांची पिशवी माझ्याकडे, प्लायच्या कापलेल्या फळ्या आणि फोम त्यांच्याकडे. तेव्हाही त्यांना चढावर धाप लागत होती, पण विचारलं की "तू तुझी पिशवी सांभाळ" म्हणायच्या.

बाईंनी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना फोम लावलेल्या फळ्या बसवल्या, पाठीला एक फळी दिली. पायपट्ट्या वर घ्यायच्या तर नळी पुरेना, म्हणून त्यांनी करवत काढली. कविताचे वडील पुढं धावले.

"बाई, कापू नका. नंबर हाय तिच्यावर. कोणी तपासायला आलं मंग?"

"तपासायला आलं तर मला निरोप धाडा. मी हार घेऊन येते."

ते हसले, पण नळी कापली जाईपर्यंत तिथून हलले नाहीत. काम संपायला दुपार कलली. कविता बसली. आता तिचे पाय टेकत होते. बाईंनी तिला सांगितलं, "चुलीपर्यंत जा, वळ, परत ये." ती गेली. उंबऱ्याशी अडली, जोर लावून ओलांडून गेली, आतून भांड्याला काहीतरी लागल्याचा आवाज आला, मग परत बाहेर आली. अंगणभर शेजारपाजारचे जमले होते. कविताची आई चहा घेऊन उभी होती. सगळे काहीतरी चांगलं ऐकायची वाट बघत होते.

कविता म्हणाली, "डावीकडची फळी पुढं आलीय. हात चाकाला नीट लागत नाय."

"अगं," वडील ओशाळून म्हणाले, "बाई एवढ्या लांबून आल्या, उन्हातान्हाच्या..."

"पण लागत नाय ना," कविता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती फक्त जे होतं ते सांगत होती.

मी घड्याळ पाहिलं. "बाई, गाडी पंधरा मिनिटांत आहे. यानंतरची..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या कविताकडे बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला पाहिला नव्हता.

"किती पुढं आलीय?"

कवितानं फळीवर नख ठेवून दाखवलं. "इथपर्यंत पाहिजे."

"नीट बघून सांग. परत कापायला लागेल."

कवितानं हात चाकावर ठेवला, खांदा हलवून पाहिला, नख थोडं मागं घेतलं. "इथं."

बाईंनी खिशातली पेन्सिल काढून तिथं रेघ मारली. मग हात टेकून हळूहळू खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या, पाना घेतला आणि फळीचा बोल्ट सैल करायला लागल्या. कविता वरून नीट लक्ष ठेवून होती.